तीन फुटांच्या बोळातलं पावसाचं पाणी: काळ्या मातीत पायवा न भिजवता काढायचं कसं

दोन घरांच्या मधात अडीच-तीन फुटांचा बोळ, दोन्हीकडच्या स्लॅबचं नाहीतर टिनाचं पाणी त्यातच पडते, समोर ग्रामपंचायतची नाली आणि तीपण दरवर्षीच्या रोडसोबत उंच झालेली, आणि खाली काळी माती. असं घर असेल तर हे वाचा. मोठ्या बंगल्याच्या आवारात काय करायचं ते सांगणारे व्हिडिओ लय आहेत, पण आपल्या इकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, २५ बाय ४० च्या प्लॉटवर त्यातलं अर्धं बसतच नाही, आणि जे बसते ते काळ्या मातीत उलटं पडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे वावरासाठी एकदम बरोबर आहे. भिंतीला लागून मात्र जिरवायचं नाही. भिंतीजवळचं पाणी आधी भिंतीपासून दूर न्यायचं, मग जमेल तेवढं वरच्यावर साठवायचं, हळूहळू सोडायचं, आणि जिरवायचंच असेल तर घरापासून लांब, जिथं माती खरंच पाणी पिते तिथं. हा क्रम उलटा झाला की भेगा पडतात, आणि मग लोक मिस्त्रीला शिव्या देतात.

काळी का त्रास देते

जुन्या लोकांनी गाव वसवलं ते पांढरीवर, शेती ठेवली काळीवर. गावठाणातल्या जुन्या घरांना, मातीची असली तरी, पायव्याचा त्रास कमी दिसतो त्याचं एक कारण हे आहे. आता गावठाण भरलं, त्यामुळे रोडच्या कडेला वावरं पाडून लेआउट झाले आणि नवी घरं सरळ काळीवर उभी राहिली. ह्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकण माती असते, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच्यामुळेच. घराच्या मधातल्या मातीवर छत असते, तिथं ओल फारशी बदलत नाही. पण कडेची माती जूनमध्ये भिजते, मे महिन्यात वाळते, म्हणजे घराच्या कडा दरवर्षी वर-खाली होतात आणि मधला भाग तसाच राहते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि ऑगस्टमध्ये दरवाजा चौकटीत अटकते. आता अशा ठिकाणी बोळात शोषखड्डा खोदला आणि सगळ्या छताचं पाणी त्यात सोडलं तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

म्हणून मातीचा कडेचा पट्टा शक्यतो वर्षभर एकसारखा ठेवायचा. एकदम ओला नको, एकदम कोरडा नको. खालच्या सगळ्या स्टेप ह्याच एका गोष्टीसाठी आहेत.

स्टेप १: पाणी किती येते ते मोजा

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २५ बाय ३० चा स्लॅब म्हणजे ७५० चौरस फूट, १०.७६ नं भागलं की साधारण ७० चौरस मीटर. म्हणजे दर मिलिमीटरला ७० लिटर.

आता अतिवृष्टी धरा. २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याच्या वेळी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असते. तेवढ्या पावसात ह्या एका स्लॅबवरून साडेचार हजार लिटर येते, उडालेलं-सांडलेलं सोडलं तरी चार हजार कुठंच गेलं नाही, म्हणजे २०० लिटरचे वीस ड्रम. पण खरा त्रास दिवसभराच्या झडीचा नसते, तो अर्ध्या तासात २५ मिमी फेकणाऱ्या ढगाचा असते. त्यावेळी ह्याच छतावरून सेकंदाला एक लिटर पाणी बोळात येते, आणि शेजाऱ्याचं अर्धं छतपण इकडेच उतरत असेल तर दीड धरा.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण मिस्त्री "एक पाइप लय झाला" म्हणेल तेव्हा कामी येते. तासाला ७५ मिमीच्या पावसात ४ इंची म्हणजे १०० मिमीचा उभा पाइप साधारण ५७ चौरस मीटर छताचं पाणी नेतो, आणि ३ इंची पाइप फक्त २७ च्या आसपास. म्हणजे ७० चौरस मीटरला ४ इंचीचे दोन पाइप पाहिजेत. एकच लावला तर जोराच्या पावसात स्लॅबवर पाणी साचते, पॅरापेटच्या आतून झिरपते आणि खोलीत ओल येते, मग लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात.

स्टेप २: नालीची लेव्हल पाहा, आणि खरी पाहा

अंदाजानं नाही. मिस्त्रीकडं पारदर्शक नळी असते, त्यात पाणी भरून एक टोक बोळाच्या मागच्या कोपऱ्यात आणि दुसरं समोरच्या नालीजवळ धरा. तीन आकडे पाहिजेत: तुमच्या जोत्याची वरची कड, बोळाची जमीन आणि नालीचा तळ. नालीचा तळ पाहताना आधी फावड्यानं गाळ काढा, नाहीतर गाळाची लेव्हल मोजाल.

बोळात पाणी वाहून जायला कमीत कमी शंभराला एक असा ढाळ पाहिजे. म्हणजे ३० फूट लांबीला साडेतीन इंच. तेवढा मिळाला तर चांगलं. पण बहुतेक गावांत आता गोष्ट अशी आहे की जुन्या सिमेंट रोडवर नवा सिमेंट रोड, त्यावर अजून एक, खालचा कोणी खोदत नाही, मग रोड जोत्याच्या बरोबरीला आणि नाली त्याच्यासोबत वर. आणि नाली पावसाळ्यात अर्धी भरलेलीच असते, म्हणून तळापेक्षा अर्ध्या भरलेल्या नालीचं पाणी कुठपर्यंत येते ते पाहणं जास्त महत्त्वाचं. ती लेव्हल तुमच्या बोळाच्या तोंडापेक्षा वर असेल तर तुमचं पाणी बाहेर जायचं सोडा, नालीचं पाणी आत येईल, सगळ्या गल्लीच्या मोरीच्या पाण्यासकट.

अशा वेळी दोन-तीन उपाय आहेत. बोळाच्या तोंडाला चार-सहा इंचाचा सिमेंटचा उंबरा करायचा आणि त्यातून पाइप काढून टोकाला एकीकडेच उघडणारी झडप लावायची, पीव्हीसीची मिळते, नाहीच मिळाली तर जाड रबराचा तुकडा वरून पट्टीनं ठोकला तरी काम होते, फक्त त्यात पन्नी अटकली की झडप उघडीच राहते म्हणून दर आठवड्याला पाहावं लागते. दुसरं म्हणजे छताचं पाणी जमिनीवर उतरूच द्यायचं नाही, भिंतीवरून वरच्यावर पाइप नेऊन समोरच्या टाकीत सोडायचं आणि टाकीचा ओव्हरफ्लो नालीच्या वरून काढायचा. उंच नालीवाल्या घराला मला हा दुसरा जास्त पटते, कारण छताची उंची फुकटची मिळालेली आहे, ती कशाला वाया घालवता. आणि तिसरं, ग्रामसभेत नवीन रोडच्या आधी जुना खोदा असा ठराव मांडा. होईल न होईल, पण कागदावर तरी येईल.

स्टेप ३: माती पाणी पिते का, हे तिलाच विचारा

घरापासून जितक्या लांब जागा आहे तिथं, सांदवाडीत म्हणजे मागच्या परसात किंवा आंगणाच्या टोकाला, एक फूट रुंद आणि तीन-चार फूट खोल खड्डा करा. खोदताना माती पाहत राहा. काळी संपून पिवळसर लागली, मग मुरूम लागला, तर किती फुटावर लागला ते लिहा. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत कुठं तीन फुटावर मुरूम लागते, कुठं दहा फूट गेलं तरी काळीच, आणि एकाच गावात दोन्ही सापडते.

मग खड्डा पाण्यानं भरा. इथं एक फसवणूक आहे. मे महिन्यात भरला तर पाणी सपासप गायब होते आणि माणूस खूश होते. पण ते पाणी जमिनीत जिरलं नसते, भेगांत गेलं असते. माती भिजून फुगली, भेगा मिटल्या की तीच जमीन घोटभर पाणी घेत नाही. म्हणून संध्याकाळी भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा भरा, आणि तिसऱ्या वेळी एक फूट पाणी ठेवून काठीवर खुणा करून तासातासाला पाहा. तासाला अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. एक इंचाच्या वर उतरत असेल तर विचार करायला हरकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खड्ड्यात पाणी दिसत असेल तर बोलायलाच नको, तो खड्डा बुजवा, आणि बुजवेपर्यंत त्यावर फळी ठेवा, लहान लेकरं असतात.

स्टेप ४: छतावरून खाली आणताना

स्लॅबला पाइप आहेत पण ते भिंतीतून दीड फूट बाहेर काढून तसेच सोडून दिलेले, पाणी दहा फुटावरून धाडकन बोळात पडते आणि अर्धं उडून दोन्ही भिंतींवर जाते, असं चित्र दर दुसऱ्या घरी आहे. भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा काळा-हिरवा आणि पोपडे निघालेला दिसला की समजून घ्यायचं. तिथं रंग देऊन काही होत नाही. पाइप जमिनीपर्यंत आणा, खाली बेंड लावून तोंड भिंतीच्या उलट दिशेला करा, आणि जिथं पाणी पडते तिथं एक फरशीचा तुकडा ठेवा. पाइपच्या वरच्या तोंडाला घुमटासारखी जाळी पाहिजे, सपाट जाळी एका पिंपळाच्या पानानं बंद होते.

टिनाच्या आणि कवेलूच्या म्हणजे कौलाच्या घराला पन्हाळ लावायची. पत्र्याची पन्हाळ चांगली, नाहीतर ६ इंची म्हणजे १६० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा कापला की दोन पन्हाळी निघतात, स्वस्त पडते. दर दोन फुटाला पट्टीचा आधार द्या, कारण भरलेली पन्हाळ वजनदार असते आणि मधात लोंबली की तिथूनच सांडते. कवेलूच्या घराला पन्हाळ थोडी बाहेर घ्या, पागोळ्या जोरात असल्या की पाणी पन्हाळीच्या पलीकडं जाते.

स्टेप ५: जोत्याला लागून पट्टी

सगळ्यात जास्त फायदा ह्या कामाचा आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचं पण हेच होते, म्हणून थोडं लांबण लावतो. इंजिनिअर लोक ह्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. जोत्याच्या कडेनं दोन-तीन फूट रुंद, पाणी आत जाऊ न देणारी आणि बाहेरच्या बाजूला उतरती पट्टी. तीन फुटांच्या बोळात तर पूर्ण बोळच ही पट्टी होते.

लोक काय करतात, उन्हाळ्यात काळ्या मातीवर सरळ गिट्टी टाकून वर कोबा मारतात. पहिल्या पावसात माती फुगते, कोबा उचलते, फुटते, आणि भिंतीला चिकटवलेला असेल तर उतार उलटा होऊन पाणी भिंतीकडंच यायला लागते. म्हणून आधी एक ते दीड फूट काळी माती काढून टाका. एकदम पूर्ण लांबी खोदू नका, पाच-सहा फूट खोदा, भरा, मग पुढं. पायव्याच्या तळापेक्षा खाली कधीच जायचं नाही, मातीच्या भिंतीचं जुनं घर असेल तर पायवा किती खोल आहे ते आधी एका जागी टोकरून पाहा, आणि हे काम पाऊस सुरू असताना अजिबात करू नका.

काढलेल्या जागी मुरूम भरा, पण बांधणारा मुरूम पाहिजे, ज्यात थोडी चिकट माती असते. सहा-सहा इंचाचे थर, पाणी शिंपडून धुमसानं ठोकलेले. काही मिस्त्री म्हणतात रेती भरू, रेती फुगत नाही. बरोबर आहे, फुगत नाही, पण तिच्यात पाणी साचते, आणि चारही बाजूंनी काळी माती असली की तुम्ही पायव्याला लागून पाण्याची एक छुपी टाकी बांधून ठेवता. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर जी पद्धत आणली ती हीच, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर, तिथं रेती नाहीच.

मुरमाच्या वर प्लास्टिक अंथरा. शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं कापड असते ना, त्याचे तुकडे गावात कोणाकडं तरी पडलेले असतात, ते एक नंबर. भिंतीवर चार इंच वर चढवा आणि बाहेरच्या बाजूला नालीपर्यंत न्या. त्यावर तीन इंचाचा काँक्रीटचा थर, भिंतीकडून नालीकडं चाळीसला एक असा ढाळ, म्हणजे तीन फुटाला जवळपास एक इंच. भिंत आणि काँक्रीट यांच्यात अर्ध्या इंचाची फट ठेवा आणि तिच्यात डांबर भरा, म्हणजे खालची माती थोडी हलली तरी पट्टी एकटी हलते, भिंतीला ओढत नाही. दर पाच-सहा फुटाला आडवा जोड ठेवून त्यातही डांबर. मिस्त्री म्हणेल "काहून फट ठेवता, एकजीव करून टाकू ना", तर ऐकू नका.

भिंत मातीची असेल तर तिच्यावर खालून सिमेंटचा प्लास्टर मारू नका, आतली ओल बाहेर निघत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत प्लास्टर मातीचा थर घेऊन गळून पडते. प्लास्टिक फक्त त्या चार इंचापुरतं, वर मातीचा किंवा चुन्याचा लेप.

स्टेप ६: बोळातली नाली उघडी ठेवा

नाली कुठं घ्यायची? बोळ दोघांचा असेल तर मधात, दोन्हीकडच्या पट्ट्या तिच्याकडं उतरत्या. बोळ तुमचा एकट्याचा आणि पलीकडं कंपाउंड असेल तर कंपाउंडच्या बाजूला, तरी त्या भिंतीला टेकून नाही.

सहा इंच रुंद आणि चार इंच खोल पुरते. पाण्याच्या हिशेबानं हिच्या अर्धी पण चालली असती, पण सहा इंच ह्यासाठी की खराटा आत गेला पाहिजे. जमिनीखालून पाइप टाकून वरून फरशी करणं दिसायला चांगलं असते, मान्य आहे, पण आपल्या इकडं धूळ, पऱ्हाटीचा कचरा, पन्न्या, आणि पाइप बंद झाला हे तुम्हाला तेव्हाच कळते जेव्हा पाणी मागच्या खोलीत आलेलं असते. उघडी नाली घाण दिसली की कोणीतरी साफ करते. ज्या जागी पाय पडतो तिथं फक्त उचलता येणारी लोखंडी जाळी ठेवा, सिमेंटनं पक्की नाही.

आणि मोरीचं, बाथरूमचं पाणी ह्या नालीत सोडू नका. छताचं पाणी वापरायजोगं असते, त्यात साबण-चिकटा गेला की ते कशाचंच राहत नाही, शिवाय बारमाही ओली नाली म्हणजे भिंतीला बारमाही ओल.

स्टेप ७: टाकी, पण दोन कामांची

लोक टाकी लावतात आणि ती पहिल्याच झडीत भरते, मग पुढचे तीन महिने ती भरलेलीच असते आणि नवा पाऊस सगळा ओव्हरफ्लोनं नालीत. म्हणजे पूर थांबवायला तिचा उपयोग शून्य. म्हणून एक युक्ती करा. एक हजार लिटरची, मीटरभर पाणी राहणारी टाकी असेल तर तिच्या अर्ध्या उंचीवर १० मिमीचं छोटं भोक पाडून त्याला नळी लावा आणि ती उघडीच ठेवा. खालचे ५०० लिटर वापरायला राहतात, वरची ५०० लिटरची जागा पावसात भरते आणि पाऊस थांबल्यावर साधारण दोन तासांत हळूहळू रिकामी होते, पुढच्या सरीसाठी तयार. नालीवरपण भार एकदम येत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी असं केलं तर नाली भरून वाहणं बरंच कमी होते, पण सगळे करतील ह्या भरवशावर राहू नका.

काही बारीक गोष्टी आहेत त्या चुकवू नका. आत येणारा पाइप ४ इंची असेल तर ओव्हरफ्लोपण ४ इंचीच पाहिजे, एक इंची ओव्हरफ्लो लावला की टाकीच्या झाकणावरून पाणी भिंतीवर येते. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, तिचा चबुतरा ठोकलेल्या मुरमावर, भिंतीपासून फूटभर सोडून, आणि बकेट खाली बसेल एवढा उंच. टाकी बोळात ठेवू नका, वाट बंद होते. बोळाच्या तोंडाशी किंवा मागं सांदवाडीत. जागाच नसेल तर २०० लिटरचे ड्रम बुडाशी पाइपनं जोडून एका ओळीत लावा, दोन फूट जागेत बसतात. फवारणीच्या औषधाचा किंवा कोणत्याही केमिकलचा ड्रम घ्यायचा नाही, कितीही धुतला तरी नाही.

झाकण घट्ट आणि सगळ्या तोंडांना बारीक जाळी, ओव्हरफ्लोला सुद्धा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढते. मृगाच्या पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका, छतावरची चार महिन्यांची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते, ते सरळ नालीला जाऊ द्या. नंतरचं पाणी संडासाला, धुण्याला, ढोरांच्या गोठ्यात, परसातल्या भाजीला चालते. प्यायला नको.

स्टेप ८: जिरवायचं असेल तर लांब

इंग्लंडमध्ये छताचं पाणी जिरवायचा खड्डा इमारतीपासून ५ मीटर लांब ठेवायचा नियम चालतो. आपल्याकडं सेप्टिक टँकच्या पाण्यासाठी आयएस २४७० ह्या भारतीय मानकात राहत्या घरापासून ६ मीटर सांगितले आहेत. म्हणजे सोळा ते वीस फूट. काळ्या मातीत वीसच धरा. २५ बाय ४० च्या प्लॉटवर घर बांधून झाल्यावर वीस फूट उरतच नाही, तर मग सरळ आहे, तुमच्या प्लॉटवर शोषखड्डा नाही. त्यात काही कमीपणा नाही, साठवा आणि हळू सोडा.

जागा असेल आणि टेस्टमध्ये मुरूम लागला असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्या, काळीत अर्ध्यावर थांबू नका. चार फूट व्यासाचा, पाच फूट खोल खड्डा बोल्डरनं भरला तर त्यात पाणी फक्त ७०० लिटरच्या आसपास मावते, बाकी जागा दगडानं घेतली. तोच भोकाच्या सिमेंट रिंगा टाकून रिकामा ठेवला तर सतराशे लिटर. म्हणून छताच्या पाण्याला रिंगा बऱ्या, वर पक्कं झाकण. खड्ड्याच्या आधी एक छोटी गाळटाकी ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळानं लिंपून जाते.

नांदेडकडच्या टेंभुर्णी गावामुळे जो मॅजिक पिट नावाचा शोषखड्डा सगळीकडं पोचला तो सांडपाण्यासाठी आहे. रोजचं शंभर-दोनशे लिटर पाणी जिरवायला तो चांगला, पण त्यातच छताचे चार हजार लिटर सोडले तर सांडपाणी वर येऊन आंगणात पसरते. दोन्ही वेगळं ठेवा. गल्लीतल्या सात-आठ घरांचं पाणी एकत्र करून मोकळ्या जागेत एक मोठा सामाईक खड्डा करता येते, जागा आणि मुरूम दोन्ही असेल तर, रोजगार हमीतून तसं काम बसते का ते ग्रामपंचायतीत विचारा.

खड्डा नको असेल तर घरापासून दहा-बारा फुटावर बशीसारखा सहा इंच खोल वाफा करा, त्यात कर्दळ, अळू, गवती चहा, वाळा. टाकीचा ओव्हरफ्लो त्यात, आणि वाफ्याचा ओव्हरफ्लो नालीत. एका दिवसात पाणी उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर खोली कमी करा. पिंपळ, उंबर, कडुनिंब असली झाडं भिंतीजवळ नको, ती उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतात आणि काळी अजून आकसते. झाड जेवढं उंच होणार तेवढं घरापासून लांब, असा साधा हिशेब.

राहिले पेव्हर ब्लॉक. लोकांना वाटते ब्लॉक लावले की पाणी आपोआप जिरते. खाली ठोकलेला मुरूम आणि चुरी असते, फटींत वर्षभरात धूळ बसते, मग ते काँक्रीटच झालं. आंगण पूर्ण पक्कं करायच्या आधी थोडी माती उघडी ठेवा, भिंतीपासून लांबची.

खारपाणपट्टा आणि धानाचा भाग

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जिरवायचा विचारच करू नका, ती माती पाणी घेत नाही आणि खालचं पाणीपण खारं. तिथं छताचं पाणी म्हणजे गोडं पाणी, ते जेवढं साठवता येईल तेवढं साठवा, जागा जाईल तेवढी टाकीला द्या. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं पाऊस जास्त, गडचिरोलीत वर्षाला १४०० मिमीच्या आसपास, तिथं पाइप आणि नाली एक साइज मोठी घ्या, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी जमिनीला टेकलेलं असेल तर खड्डा आधीच भरलेला असते हे लक्षात ठेवा.

शेजारी

हे खरं म्हणजे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं, कारण पागोळीच्या पाण्यावरून गावात जेवढी भांडणं होतात तेवढी धुऱ्यावरूनच, म्हणजे वावराच्या बांधावरूनच, होत असतील. बोळ दोघांचा असेल तर काम दोघांनीच करायला पाहिजे, एका बाजूची पट्टी केली की पाणी दुसऱ्याच्या पायव्यात जाते. बोलणं असं काहीसं होते:

"काकाजी, ह्या उन्हाळ्यात मधातली नाली करून टाकू, खर्च अर्धा अर्धा."

"कर बापा, पण नाली माह्या जोत्याला टेकली नाही पायजे."

"मधातच घेऊ. तुम्ही उभे राहून दोरी मारा."

दोरी त्यांनाच मारू द्या, अर्धं भांडण तिथंच मिटते. मग साध्या कागदावर नकाशा काढून नालीची जागा, साफसफाई कोणाची आणि दोघांच्या सह्या. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्कानं चालत आलेली वहिवाट हक्क बनू शकते, म्हणून आज "जाऊ दे पाणी" म्हटलेलं उद्या नातवांच्या अंगावर येते. परवानगीनं सोडलेलं पाणी आहे असं कागदावर असलं की दोघांनाही बरं. नालीला जोड देताना ग्रामपंचायतीला अर्ज द्या, रोड फोडायचा असेल तर नक्कीच.

पहिल्या पावसानंतर

पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन बोळात उभे राहा. पाणी कुठं थांबते, कुठून उडते, कोणत्या जोडातून आत जाते ते तेव्हाच दिसते, नंतर नाही. खडूनं खुणा करा आणि उघाड पडली की तेवढंच दुरुस्त करा. डांबराचे जोड दर उन्हाळ्यात पाहा, सुकून निघाले असतील तर पुन्हा भरा. पन्हाळ आणि जाळ्या रोहिण्या निघायच्या आत एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा साफ, झडीच्या दिवसांत मधून मधून.

भिंतीत आधीच भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि रुंदी मोजून ठेवा. पुन्हा ऑगस्टमध्ये मोजा, पुन्हा मे महिन्यात. उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते अशी असेल तर माती अजून हलते आहे, पट्टीनं आणि नालीनं एक-दोन वर्षांत ते कमी व्हायला पाहिजे, तोपर्यंत भेग सिमेंटनं बुजवू नका कारण ती शेजारीच पुन्हा निघते. पण भेग दोन्ही मोसमांत वाढतच असेल, किंवा एक रुपयाचं नाणं उभं आत जात असेल, तर हे नालीचं काम राहिलं नाही, तालुक्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणून पायवा दाखवा आणि तोपर्यंत त्या भिंतीला लागून काहीही खोदू नका.